मागं आयकू येते काय?

हालो, हालो. माइक बोलतोय. माइकवरून कोणी बोलत नाहीये, खुद्द माइकच बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं पुढे ढकललं, आज माझे स्वतःचे चार शब्द ऐकून घ्या.

आधीच सांगून टाकतो, मी जळका आहे. माझ्यासारख्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना 'किती झिजलो, तरी कुणाबद्दल मनात काही नाही' असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या मनात आहे. कॅनडातल्या एका माइकबद्दल आहे, चटणीच्या एका बरणीबद्दल आहे, आणि थोडंफार मोबाइलबद्दलही आहे. ते झाकून गोड बोलणं मला जमायचं नाही.

माझा जन्म अकोल्याचा. जन्म कसला, जुळवाजुळवच ती. कॉटन मार्केटच्या बाजूच्या एका गल्लीत साउंडच्या सामानाचं दुकान होतं. तिथल्या कारागिराने एका मोडक्या माइकची नळी, दुसऱ्याची जाळी आणि कुठलंसं बटण एकत्र करून मला उभं केलं. जाळी नळीवर नीट बसेना, म्हणून आत कागदाची घडी सारली. त्यामुळे कोणी प, ब, भ म्हटलं की माझी जाळी थरथरते आणि बोलण्याखाली बारीक घरघर उमटते. हा माझा जन्माचा दोष. पुढे याच दोषाने मला नाव मिळवून दिलं आणि याच दोषापायी मी मोडकाही ठरलो.

एका रविवारी दुकानात देवमन आला. राहणार बडनेऱ्याचा, रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारा. सुटीच्या दिवशी लाउडस्पीकर लावायचा जोडधंदा करावा असं त्याच्या मनात होतं. त्याने मला उचललं, जाळीवर बोटाने तीनदा टकटक केलं आणि तोंडाजवळ धरून म्हणाला, "हालो, हालो. मागं आयकू येते काय?"

दुकान एवढंसं, मागे नुसती भिंत. दुकानदार हसायला लागला. "भाऊ, मागं त माही भिंत हाये."

"भिंतीलेबी आयकू आलं पायजे," देवमन म्हणाला. मला कापडी पिशवीत घालून तो पॅसेंजरने बडनेऱ्याला घेऊन आला.

माणसाच्या हातात माइक आला की माणूस बदलतो, हे मी हजारदा पाहिलंय. कोणी फुंकर मारतो, कोणी थापड मारतो. 'दोनच शब्द बोलतो' म्हणणारा अर्धा तास खाली बसत नाही. जयंतीच्या सभेत, बारशात, लग्नात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये सगळीकडे हेच. देवमन मात्र प्रत्येक ठिकाणी आधी तीन टकटक करायचा आणि मागच्यांना विचारायचा. विहारातल्या एका कार्यकर्त्याने एकदा त्याला म्हटलं, "देवमनभाऊ, काहून विचारता दरखेपी? पुढचे त आयकून राह्यले ना."

"पुढचे आयकतेतच," देवमन म्हणाला. "मागचा मानूस मंग आला कशाले?"

त्याचं खरं काम पाहायचं तर कौंडण्यपूरच्या जत्रेत. कार्तिकात वर्धेच्या काठावर माणूस माणसाला दिसत नाही इतकी गर्दी होते. हरवलेल्या लोकांची पुकार करायला मंडळवाले देवमनला बोलवत. लाकडी मंचावर एक टेबल, टेबलावर मी, आणि देवमनचा आवाज: "हालो, हालो. ध्यान द्या. शेंदूरजनाघाटच्या सुंदराबाई, हिरवं लुगडं, हातात पिवळी पिशवी, जिथं असान तिथून माइकपाशी या. तुमचे मालक इथं उभे हायेत, त्याइले कायीच सुचून नाई राह्यलं."

दिवसभरात शंभर नावं. एका दमात, एका चालीत. मध्येच गंमत म्हणून तो जुळवायचा. वरूडचे गोपाल, खांद्यावर रुमाल. मोर्शीचे नामदेव, पिशवीत पावशेर शेव. हरवलेल्या माणसाचे नातेवाईक रडता रडता हसायचे.

टेबलाखाली त्याचा लेक धम्मदीप बसलेला असे, सहा वर्षांचा. बाप वर नावं पुकारत असे आणि हा खाली टेबलाच्या पायावर त्याच चालीत बोटं वाजवत असे. पुढे त्याच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी त्याचं संगीत कुठून आलं याचा शोध अमेरिकेपर्यंत नेला. ते कौंडण्यपूरच्या एका टेबलाखालून आलं, आणि साक्षीदार मी आहे.

एक गोष्ट त्या वेळीच माझ्या लक्षात आली होती. दुनियेतल्या बायांची नावं माझ्यातून पुकारणारा देवमन स्वतःच्या बायकोचं नाव कधी घेत नसे. तिचं नाव दुर्गाबाई. घरात तो तिला 'अवं' म्हणायचा, चारचौघांत 'दीपमालाची माय'. दीपमाला त्यांची थोरली लेक. नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नाही ही त्याच्या आईची शिकवण होती, आणि आई गेल्यावरही ती त्याने पाळली. दुर्गाबाई कधीमधी चिडवायची. "त्या सुंदराबाईले त चांगले आवाज देता. मी हरवल्यावर काय पुकारसान?"

"तू काहून हरवतं?" एवढंच तो म्हणायचा.

धम्मदीप अमरावतीला कॉलेजात गेला आणि बोलण्याऐवजी ताल धरून बोलायला लागला. रॅप म्हणतात त्याला. कॉलेजच्या मुलांना आधी हसू आलं, कारण तो आपल्या बोलीत म्हणायचा. स्टेशनवर उतरणाऱ्या पोरांबद्दल, बापाच्या रुळांबद्दल, जातीचं नाव विचारून घर नाकारणाऱ्या घरमालकाबद्दल. स्पर्धेतल्या एका परीक्षकाने त्याला सल्ला दिला की हेच शुद्ध मराठीत म्हणालास तर नंबर येईल. त्याने ऐकलं नाही आणि नंबर आला नाही.

रेकॉर्डिंगसाठी त्याच्याकडे मी होतो आणि लोखंडी कपाट होतं. कपाटातल्या साड्यांमुळे आवाज घुमत नाही हा शोध त्याने लावला. दुर्गाबाईच्या साड्यांमध्ये दीपमालाच्या वेणीच्या रिबिनीने तो मला हँगरला टांगायचा आणि डोकं आत घालून म्हणत राहायचा.

"कपाटात तोंड घालून काहून बोलून राह्यला?" दुर्गाबाई विचारायची. "घरातले मानसं काय मेले?"

माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते. त्याचा श्वास माझ्या जाळीला लागायचा. एकदा तो वैतागून म्हणाला, "बाबा, याची घरघर कायी निघत नाई."

देवमनने मला हातात घेतलं. "घरघर नोहे ते. दम घेते तो." मग सवयीने तीन टकटक, आणि "हालो, हालो. मागं आयकू येते काय?" रेकॉर्डिंगचं मशीन चालू होतं. ते वाक्य तसंच रेकॉर्ड होऊन राहिलं आणि धम्मदीपने ते पुसलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मग त्याला कॅनडाला जायचं ठरलं. साउंडचं शिक्षण, दोन वर्षांचं. बडनेऱ्याच्या घरात बॅग भरली जात होती आणि तेवीस किलोच्या वर एक ग्रॅम चालत नव्हता. त्याने मला मोज्यात गुंडाळून बॅगेत ठेवलं. मी तर मनाने विमानात बसलोसुद्धा. तेवढ्यात दुर्गाबाई जवसाच्या चटणीची बरणी घेऊन आली. वजन केलं, काटा पुढे गेला. काय काढावं म्हणून सगळ्यांनी बॅगेत पाहिलं, आणि धम्मदीपने मला बाहेर काढलं.

"राहू दे बाबा. असे माइक तिकडं लय भेटतेत."

असे माइक. सहा वर्षं झाली, ते दोन शब्द माझ्या जाळीतून निघाले नाहीत. चटणी तिकडे जाऊन महिन्याभरात संपली असणार. माझी जागा मात्र तिने घेतली ती घेतलीच.

मला शोकेसवर ठेवण्यात आलं. देवमनला रोजच्या कार्यक्रमांसाठी नवा बिनवायरचा माइक आला होता. मला आता एकच काम उरलं. कॅनडाहून फोन आला की दुर्गाबाई मोबाइल माझ्या अंगाला टेकवून उभा करायची. ज्याने हजारोंच्या सभा पेलल्या तो मोबाइलचा पाट झाला. अपमानच, पण त्यामुळे धम्मदीपचं सगळं आयुष्य मला ऐकता आलं.

टोरांटोजवळच्या एका गावी तो तळघरातल्या खोलीत राहत होता, आणखी तिघांसोबत. दिवसा कॉलेज, संध्याकाळी गोदामात खोकी उचलायची. खोलीला लागून पाणी तापवायची टाकी होती, ती दर थोड्या वेळाने धाडकन वाजायची. बाकीचे तिघं तिला शिव्या द्यायचे. याने त्या धाडकन्‌वर ताल बांधला आणि गोदामातल्या मशीनची टीट टीट त्यावर बसवली. ट्रक चालवणाऱ्या एका पंजाबी गड्याला त्याने त्यावर पहिलं गाणं करून दिलं. मग सोमालियातून आलेली एक मुलगी त्याच्याकडे आली, तिचं गाणं त्याने केलं, आणि ते गाणं असं पसरलं की लोक विचारायला लागले, हे केलं कोणी?

तिथे अशी रीत आहे की गाणं बांधणारा, ज्याला ते प्रोड्यूसर म्हणतात, तो प्रत्येक गाण्याच्या आरंभी आपला शिक्का मारतो. आवाजाचा शिक्का. दोन-चार शब्द, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की माल कुणाचा. एका कॉलमध्ये धम्मदीप म्हणाला, "बाबा, माहा शिक्का आयका." आणि मोबाइलमधून आवाज आला. टक, टक, टक. हालो, हालो. मागं आयकू येते काय?

देवमनचा आवाज, आणि त्याखाली घरघर. माझी घरघर. मी मोबाइलच्या पाठीशी उभा, आणि माझं अंग माझ्याच आवाजाने थरथरलं.

"हे काय घातलं रे?" देवमन लाजला. "लोक काय मनतीन?"

"मनतेत ना. शो सुरू व्हायच्या आधी सारे ओरडतेत, 'मागायकुयेतेकाय'. गोरे पोट्टे, काये पोट्टे, सारे. त्याइले वाटते कोन्या देवाचं नाव हाये."

त्यालाही तिकडे कोणीतरी सांगितलंच होतं की तुझ्या स्वतःच्या गाण्यांत इंग्रजीच ठेव, नाहीतर चालणार नाहीस. अमरावतीत शुद्ध मराठीत म्हण म्हणाले, टोरांटोत इंग्रजीत म्हण म्हणाले, त्याने दोन्हीकडे ऐकलं नाही. त्याची गाणी मिसळीची झाली. 'काहून', म्हणजे 'का', नावाचं त्याचं गाणं तर तिथल्या इतर देशांतून आलेल्या पोरांनी डोक्यावर घेतलं. कागदपत्रं मागणाऱ्या प्रत्येक खिडकीला त्या गाण्यात एकच प्रश्न आहे, काहून? पाच वर्षांत त्याचा स्वतःचा स्टुडिओ झाला.

आणि मग एका कॉलमध्ये तो आला. "बाबा, हा पाहा. नवा माइक. आत सोन्याचा मुलामा हाये."

मोबाइलची पाठ माझ्याकडे असते, म्हणून मला दिसलं नाही. देवमनचे प्रश्न ऐकले. "लटकून काहून राह्यला तो?"

"त्याले हादरा लागू नये मनून. रबराच्या झोळीत ठेवला हाये."

"झोळीत त लेकरू निजते."

त्या दिवसापासून मी त्याला झोळीतला साहेब म्हणतो. मी जीपमधून आदळत कौंडण्यपूरला जायचो, आणि याला हादरा चालत नाही. दीपमाला सुटीत आली की आईला मोबाइलवर भावाच्या मुलाखती दाखवायची आणि इंग्रजीचं सांगायची. एकदा म्हणाली, "विचारून राह्यले का सुरुवातीची ती घरघर कोन्या मशीनवर केली? धम्मा मनते, ते एका मोडक्या माइकची हाये. आता मनते, साहेबाच्या... मंजे या नव्या माइकबिगर मी कायी करत नाई, हा माहा जीव हाये."

ती 'साहेबाच्या' म्हणाली नाही, ते मीच घुसडलं. रागात मला शब्द नीट ऐकू येत नाहीत. बाकी सगळं खरं. मी मोडका, तो जीव. शिक्क्यात मी, आणि मिरवायला तो. देवमनच्या आवाजाला पहिला स्पर्श केलेला मी, आणि नाव विचारलं तर मोडका. मी मनोमन शाप दिला, तुला कधी देवमनचा आवाज मिळू नये.

शाप देताना मला ठाऊक नव्हतं की तो कुणाला लागतो.

देवमनचा आवाज वर्षभर बसलेलाच होता. रुळांवर उन्हात उभं राहून तीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला होता त्याने. सुंठ झाली, हळद झाली, मध झाला. शेवटी दीपमाला त्याला अकोल्याला घेऊन गेली. गळ्यात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. गुरुवारचं ऑपरेशन ठरलं. तोवर कमी बोला म्हणाले, आहे तो आवाजही फार टिकणार नाही.

रविवारी धम्मदीप घरी पोचला, सहा वर्षांनी. पाठीवर एक पेटी होती. ती त्याने आईच्या पाया पडायच्या आधी टेबलावर अलगद ठेवली, हे मी शोकेसवरून पाहिलं. पेटीतून साहेब निघाला. काळा, गुळगुळीत, झोळीसकट.

"बाबा, तुमचा आवाज घेऊन ठेवतो," धम्मदीप म्हणाला. "बुधवारपर्यंत जेवढं बोलता येईन तेवढं बोला."

देवमनला त्याने खुर्चीवर बसवलं. पंखा बंद केला. साहेब देवमनच्या तोंडासमोर लटकला. आणि देवमन, ज्याने लाखाच्या जत्रेत कधी थुंकी गिळली नव्हती, तो गप्प झाला.

"बोला ना बाबा."

"याले धरू कुठं?"

"धरायचं नाई. हात नोका लावू त्याले."

"मंग हाताइचं काय करू?"

त्याने हात मांडीवर ठेवले, मग गुडघ्यावर, मग पाठीमागे नेले. खाकरला. आणि सरकारी अर्ज वाचावा तसं बोलायला लागला. "मी, देवमन, वडिलांचे नाव सोनाजी, राहणार बडनेरा, असे नमूद करतो की माझी प्रकृती ठीक आहे."

"बाबा, असं नाई. आपल्यासारखं बोला."

"माझ्या मुलाने विनंती केल्यावरून मी हे निवेदन करीत आहे," देवमन म्हणाला.

सोमवार असा गेला, मंगळवारही गेला. साहेबाने शेजारचा कुकर टिपला, शेळी टिपली, बडनेरा स्टेशनवरची गाडीची सूचना टिपली. देवमन त्याला सापडला नाही. मी शोकेसवर खूश होतो. लाज वाटते, पण होतो. म्हटलं, सोन्याचा मुलामा आहे ना, घे आता.

मंगळवारी संध्याकाळी देवमन अंगणात गेला तेव्हा धम्मदीप जमिनीवर बसला आणि हुंदके देऊन रडला. दीपमालाला म्हणाला, "ताई, दुनियेचे आवाज घेतले मी. बापाचा घेता येऊन नाई राह्यला."

माझी खुशी तिथेच उतरली. सगळी नाही, पण बरीच.

बुधवारी सकाळी दीपमालाच म्हणाली, "त्याइच्या हातात त्याइचा जुना माइक दे ना."

धम्मदीपने वर पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने मला ओढून घेतलं तेव्हा टेकून उभा असलेला मोबाइल तोंडावर पडला. मला त्याचंही बरं वाटलं. धम्मदीपने माझी धूळ पुसली. वायर उंदराने कुरतडलेली होती, ती कापून त्याने नवी डागली. त्याची बोटं चटचट चालत होती आणि मी मनात म्हणत होतो, आता बघ साहेब, हा आवाज माझा आहे, मीच घेणार.

त्याने मला मशीनला जोडलं. फुंकर मारली. बटण वर-खाली केलं. पुन्हा उघडलं, पुन्हा जोडलं. मशीनवरची रेघ हलली नाही.

"मेला हाये हा, बाबा."

मला सगळं ऐकू येत होतं. कुकर, शेळी, त्याचा श्वास, सगळं. फक्त पुढे पोचवता येत नव्हतं. कधी मेलो तेही मला कळलं नव्हतं. शोकेसवर बसून मी सहा वर्षं ज्याच्यावर जळत होतो, त्याच्याशी बरोबरी करायला माझ्यात काही उरलंच नव्हतं.

देवमनने हात पुढे केला. "आन इकडं. नुसता धरतो."

त्याने मला धरलं. तीच मूठ, अंगठा बटणावर. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्याचे खांदे सरळ झाले. धम्मदीपने साहेबाची झोळी थोडी वर सरकवली. माझ्या जाळीवर बोट आलं. टक, टक, टक.

"हालो, हालो. मागं आयकू येते काय?"

आवाज फाटका होता, पण चाल तीच होती. मागे म्हणजे स्वयंपाकघर. तिथून दुर्गाबाई म्हणाली, "येते, येते. बोला."

"ध्यान द्या," देवमन म्हणाला. "टोरांटोचे धम्मदीप, अंगात काया सदरा, तोंड उतरलेलं, जिथं असान तिथं टायमावर जेवून घ्या. अमरावतीच्या दीपमालाबाई, शाळेच्या मास्तरीन, तुमचे वडील सांगतेत का तुमी हुशार हा, पन जरा हसत जा." मग त्याची मूठ माझ्याभोवती घट्ट झाली. "हालो. बडनेऱ्याच्या दुर्गाबाई. दुर्गाबाई. जांभळी साडी, हाताले कनिक लागलेली, जिथं असान तिथून माइकपाशी या. तुमचे मालक इथं उभे हायेत. त्याइले तुमच्याबिगर कायीच सुचत नाई."

स्वयंपाकघरातलं परातीचं वाजणं थांबलं. दुर्गाबाई दारात आली. हात खरंच कणकेने भरलेले होते. ती चालत देवमनच्या समोर, अगदी माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"आली," ती म्हणाली. "पस्तीस वर्सं लागले आवाज द्याले."

देवमन त्यानंतर बराच वेळ बोलला. जत्रेतली जुनी नावं पुकारली, रुळांवरच्या गँगची हाळी दिली, भीमगीताच्या दोन ओळी म्हटल्या, आणि मग आवाज तुटला तो तुटलाच. ते सगळं माझ्या तोंडावर बोललं गेलं. त्याची थुंकी माझ्या जाळीवर उडाली. आणि त्यातलं अक्षर न् अक्षर माझ्यावरून पलीकडे जाऊन त्या झोळीतल्या साहेबात पडलं. माझ्या आयुष्यात इतका मी कधी जळलो नव्हतो आणि इतका सुखीही कधी नव्हतो.

ऑपरेशनला देवमनने मला सोबत नेलं. ज्या अकोल्यात त्याने माझ्यातून पहिल्यांदा 'आयकू येते काय' विचारलं होतं, त्याच अकोल्यात त्याचा आवाज राहिला. शुद्धीवर आल्यावर त्याने मूठ वळवून हवेत धरली. नर्सला वाटलं पाणी मागतोय. दुर्गाबाईला कळलं, तिने पिशवीतून मला काढून त्याच्या हातात दिलं.

धम्मदीप महिनाभर राहिला. निघायच्या दिवशी बॅग भरताना त्याने आईची चटणीची बरणी बाजूला ठेवली आणि म्हणाला, "बाबा, या खेपी याले नेतो. स्टुडिओत काचेत ठेवतो." सहा वर्षं मी ज्या वाक्यासाठी झुरलो ते वाक्य त्याने म्हटलं. देवमनने मला छातीशी धरलं आणि मान हलवली. नाही. आणि खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. धम्मदीपने चटणी नेली.

गेल्या महिन्यात त्याचं नवं गाणं आलं. कॉल लावून त्याने ते ऐकवलं. त्यात देवमनचा आवाज आहे, स्वच्छ, खोल, एकही घरघर नाही. मान्य करतो, साहेबाने काम चोख केलंय. पण गाण्याचा ताल कशाचा आहे ठाऊक आहे? टक, टक, टक. देवमनचं बोट आणि माझी जाळी. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. साहेबाला ते टिपावंच लागलं.

तरी मी जळतो. देवमनचा आवाज हजारो मैलांवर साहेबाच्या पोटात आहे, आणि माझ्याकडे नाही. हे कधी जायचं नाही. तुमच्याकडेही एखादा मुका पडलेला माइक, रेडिओ, काहीबाही असेलच. मोडका म्हणायच्या आधी कुणाच्या तरी हातात देऊन पाहा, एवढंच माझं मागणं.

आता मी शोकेसवर नसतो. देवमनच्या उशाशी असतो, त्याच्या खिशात असतो. त्याला काही हवं असलं की तो मला धरतो आणि जाळीवर तीनदा बोट वाजवतो. दुर्गाबाई जिथे असेल तिथून येते. कधी हात पुसत येते, कधी कुरकुरत येते. "एकदाच नाव घेतलं त्याइनं," ती शेजारणीला सांगते, "आन आता नुसतं टकटक." मग लगेच सांगते, "पन मले त्यात नावच आयकू येते."